दार उघडे ठेवणारे

रुग्णालयाच्या उद्घाटनाची कोनशिला सर्वांना दिसते. ते रुग्णालय पुढे बंद पडू नये म्हणून कोणी काय केले, याची कोनशिला मात्र कोठेही बसविलेली आढळत नाही. कर्करोगाच्या रुग्णालयांबाबत तर ही उणीव फारच जाणवते. मुरुड, हर्णै, दापोली या पट्ट्यातील कित्येक कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या परळची वाट तुडविली आहे. आधी हर्णै बंदरातून बोटीने, मग एस. टी.ने, आणि १९९८ साली कोकण रेल्वेचा मार्ग पूर्ण झाल्यावर खेडहून गाडीने. ज्या दारापाशी ही माणसे पोहोचली ते दार इतकी वर्षे उघडे कसे राहिले, त्याचा थोडा इतिहास समाजबांधवांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचे १९३१ साली इंग्लंडच्या शेजारच्या वेल्समध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. अपार संपत्ती असूनही उपचार मिळाला नाही, कारण त्या काळी तो अस्तित्वातच नव्हता. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, दोराबजींनी पत्नीच्या स्मरणार्थ रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी न्यास स्थापन केला, आपली संपत्तीही दुसऱ्या एका न्यासाच्या स्वाधीन केली, आणि त्याच वर्षी तेही गेले. या संपत्तीत एक हिरा होता. ‘ज्युबिली’ नावाचा, २४५ कॅरटांचा, म्हणजे आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. १९२४ साली जमशेदपूरचा पोलाद कारखाना डबघाईस आला तेव्हा कामगारांचे पगार भागविण्यासाठी दोराबजींनी आपली खाजगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे गहाण टाकून कर्ज उभे केले होते. त्या तारणात पत्नीचा हा हिराही होता. कारखाना वाचला, हिरा सुटून आला, आणि त्यांच्या पश्चात तो विकून आलेली रक्कम न्यासाच्या कार्यास मिळाली. दागिना तिजोरीत राहिला असता तर त्याने काय साधले असते, हा विचार आपल्यासारख्या व्यापारी समाजाने करून पाहण्यासारखा आहे.

या न्यासाने परळ येथे बांधलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. खाटा ८० होत्या. महायुद्ध चालू होते आणि परदेशातून यंत्रे व माणसे आणणे अवघड होते. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी येथील प्रयोगशाळेची धुरा वाहिली. डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्यासारख्या शल्यविशारदांनी येथेच हयात वेचली. रुग्णालयाच्या दारावरून जाणारा रस्ता आज बोर्जेस यांचे नाव मिरवितो. १९५२ साली शेजारीच कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले.

येथवरची कथा दानशूरतेची झाली. खरी कसोटी त्यानंतरची आहे. रुग्ण देशभरातून येऊ लागले, औषधे व यंत्रे महागत गेली, आणि एका खाजगी न्यासाच्या उत्पन्नावर असे रुग्णालय किती काळ तग धरणार, हा प्रश्न अटळ झाला. १९५७ साली रुग्णालय केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे गेले. पुढे १९६२ मध्ये त्याचा कारभार अणुऊर्जा विभागाकडे सोपविण्यात आला. कर्करोगाचे रुग्णालय अणुऊर्जेकडे, हे ऐकून अनेकांना आजही नवल वाटते. परंतु डॉ. होमी भाभा आणि जे. आर. डी. टाटा यांनी ओळखले होते की, या रोगाचे निदान व उपचार दोन्ही यापुढे किरणोत्सर्गाशी बांधले जाणार आहेत. १९६६ मध्ये रुग्णालय व संशोधन केंद्र एकत्र येऊन टाटा मेमोरियल सेंटर झाले. देणाऱ्याने स्वतःचे नाव न सोडता स्वतःची सत्ता सोडली, आणि म्हणून रुग्णालय टिकले, असे माझे मत आहे. आपल्याकडे याच्या अगदी उलट घडते. सत्ता सुटत नाही आणि संस्था मात्र सुटत जाते.

कर्करोगाची रुग्णालये इतर रुग्णालयांपेक्षा लवकर अडचणीत का येतात, हे समजून घेतले पाहिजे. जिल्ह्याच्या ठिकाणी दीर्घकाळ ज्या यंत्राने किरणोपचार दिले गेले त्या यंत्रात कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ असतो. तो कोणी वापरो वा न वापरो, सतत क्षीण होत जातो. सुमारे सव्वापाच वर्षांत त्याची शक्ती निम्मी होते. म्हणजे ज्या रुग्णाला आरंभी दोन मिनिटे यंत्राखाली ठेवावे लागे त्यालाच पाच वर्षांनी चार मिनिटे ठेवावे लागते; तेवढ्याच कामकाजाच्या तासांत निम्मेच रुग्ण होतात, बाहेरची रांग दुप्पट होते. नवा कोबाल्ट आणण्यासाठी मोठी रक्कम एकदम लागते. त्याखेरीज किरणोपचारतज्ज्ञ डॉक्टर, भौतिकशास्त्रज्ञ, तंत्रज्ञ आणि अणुऊर्जा नियामक मंडळाची अनुज्ञप्ती यांपैकी एक जरी नसले तरी यंत्र कुलूपबंद. इमारतीला देणगी मिळते, कारण तिच्यावर नाव कोरता येते. विझत चाललेल्या कोबाल्टवर कोणाचे नाव कोरणार? उद्घाटनाच्या दिवशी हार घातलेली यंत्रे काही वर्षांनी धूळ खात पडतात त्याचे कारण बहुधा हेच असते.

आणि यंत्र बंद पडले तर नुसती गैरसोय होते असे नाही. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, पाच ते सात आठवडे, रोज ठरलेल्या मात्रेने द्यावयाचा असतो. मध्ये खंड पडला की उरलेल्या रोगपेशी पुन्हा वाढीस लागतात, आणि आधी घेतलेल्या उपचाराचे फळ हातचे जाऊ लागते. अर्ध्या वाटेवर दार बंद झालेल्या रुग्णाची स्थिती आरंभ न केलेल्या रुग्णापेक्षा फारशी बरी नसते, कारण तोवर घरातील शिल्लक संपलेली असते. या अडचणीवर देशी उत्तर म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्ट यंत्र घडविले, आणि परदेशी यंत्राच्या तुलनेत ते लहान रुग्णालयांच्या आवाक्यात आले.

मोठ्या शहराबाहेर असे रुग्णालय टिकते काय, याचे उत्तर सोलापूर जिल्ह्यातील बार्शीने दिले. कोरडवाहू मुलखातील हे व्यापारी गाव. येथे डॉ. भगवान नेने यांच्या पुढाकाराने अश्विनी ग्रामीण कर्करोग संस्थेचे रुग्णालय उभे राहिले. १९८१ साली कर्करोगाने निधन पावलेल्या अभिनेत्री नर्गिस दत्त यांचे नाव त्यास देण्यात आले. १९८७ मध्ये, टाटा रुग्णालयाच्या साहाय्याने, बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील खेड्यांसाठी कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यांतील लोकसंख्येवर आधारलेली देशातील ही पहिलीच नोंदणी. शहरात रुग्णालयांच्या वह्या चाळून अशी नोंदणी होते. येथे रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नव्हते, म्हणून कार्यकर्तेच गावोगाव फिरू लागले. पारावर, देवळात, घरांच्या ओसरीवर बसून विचारपूस करीत आणि जाता जाता रोगाची लक्षणेही सांगत. मोजणीसाठी निघालेल्या माणसांच्या या बोलण्याचा परिणाम असा झाला की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या.

याच पायावर १९९९ पासून त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास झाला. गावांचे ५२ गट करून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी स्त्रियांची पाहणी करण्यात आली. विषाणूची चाचणी आयुष्यात एकदा झाली तरी या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हा निष्कर्ष २००९ साली अमेरिकेतील विख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जगभर त्याची दखल घेण्यात आली. मुंबई-पुण्याची मोठी रुग्णालये पाहिलेल्या माणसाला बार्शीचा आवार साधा वाटेल. पण ज्ञान तेथून जगाला गेले.

आता रुग्णालयाच्या भिंतीबाहेरच्या मदतीविषयी. दीड-दोन महिने रोज उपचार घ्यावयाचे तर रुग्णाने राहावे कोठे आणि जेवावे काय? परळच्या रस्त्यावर पदपथाला पाठ टेकून बसलेली कुटुंबे हे याच प्रश्नाचे दृश्य रूप. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने असंख्य रुग्णांना अल्प दरात आसरा दिला. १९८० च्या दशकात जीवन ज्योत कॅन्सर रिलीफ अँड केअर ट्रस्टने रुग्ण व नातेवाईकांसाठी अन्नदान सुरू केले. त्यामागे कच्छी जैन समाजातील कार्यकर्त्यांचा पुढाकार होता हे आपल्या वाचकांस मुद्दाम सांगावयास हवे. आहारदान आणि औषधदान ही आपल्या शास्त्रांनी वेगळी गणली असली तरी कर्करोगाच्या रुग्णापाशी ती एकच होतात. उपाशी शरीराला औषध सोसत नाही.

याच्या उलट अनुभवही नोंदविला पाहिजे. २०२१ साली म्हाडाच्या १०० सदनिका टाटा रुग्णालयाच्या रुग्णांच्या नातेवाईकांसाठी देण्याचे ठरले, चाव्याही दिल्या गेल्या, आणि मग स्थानिक रहिवाशांच्या तक्रारीवरून त्या निर्णयास स्थगिती मिळाली. लगोलग जवळच दुसऱ्या ठिकाणी तितक्याच सदनिका देण्याची घोषणा झाली. रहिवाशांच्या काही अडचणी खऱ्याही असतील. पण कर्करोग हा संसर्गजन्य रोग नसताना त्याच्या रुग्णाची सावली टाळण्याची वृत्ती आपल्यात अद्याप आहे, हे कोणी नाकारू नये. लग्नसंबंध ठरविताना घरातील हा आजार लपविला जातो, आणि लपविण्यातच निदानास उशीर होतो.

मुरुडच्या माणसाला समाजाचा हा दुहेरी चेहरा नवा नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे याच गावचे. बाहेरगावी मिळवत्या झालेल्या मुरुडकरांनी आपल्या प्राप्तीतील थोडा वाटा गावासाठी बाजूला काढावा म्हणून त्यांनी तरुणपणीच ‘मुरुड फंड’ सुरू केला होता. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला तेव्हा याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. कर्वे रुसून बसले नाहीत. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली आणि पुढील कित्येक वर्षे लहान-मोठ्या वर्गण्या गोळा करीत ते हिंडले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांची १५ लाखांची देणगी त्यांच्या महिला विद्यापीठास मिळाली, हे सर्वांना ठाऊक असते. त्या देणगीपूर्वीची वर्षे छोट्या वर्गणीदारांनी तोलून धरली होती, हे कोणी सांगत नाही. संस्था वाचविण्याची मोहीम म्हणजे शेवटी हेच: दरवर्षी न चुकता येणारी लहान रक्कम, आणि ती मागण्यास न लाजणारा माणूस.

कोकणाच्या वाट्यास या बाबतीत अलीकडे थोडे बरे दिवस आले आहेत. चिपळूण तालुक्यातील डेरवण येथील वालावलकर रुग्णालयाच्या सहकार्याने टाटा सेंटरने रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील गावांत तोंडाच्या, स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी हाती घेतली, आणि या जिल्ह्यांची कर्करोग नोंदणीही सुरू झाली. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून अनेक उपचारांचा खर्च आता शासन उचलते. परंतु योजनेच्या पत्रकात रुग्णासोबत राहणाऱ्या नातेवाईकाची बुडालेली मजुरी धरलेली नसते, आणि सकाळच्या गाडीला मुरुडहून निघालेल्या बाईला डेरवणला किंवा परळला पोहोचल्यावर संध्याकाळचे जेवण कोण देणार, याची नोंद कोणत्याही रकान्यात नसते. तो रकाना गावागावांतील न्यासांनी, मंडळांनी आणि नाव न सांगणाऱ्या माणसांनी आजवर भरला आहे.