आरोग्यदूत घरी येते : ‘सर्च’ची वाटचाल

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या उपनगरांत घरी येऊन ड्रेसिंग करणारी परिचारिका, व्यायाम करून घेणारे फिजिओथेरपिस्ट, भाड्याने मिळणारा रुग्णपलंग आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हे सारे आता सवयीचे झाले आहे. कोविडच्या साथीत असंख्य कुटुंबांनी घरातच रुग्ण सांभाळला आणि या सेवेची गरज सर्वांना पटली. परंतु घरातला उपचार शास्त्राच्या कसोटीला उतरतो आणि जीव वाचवतो, हे महाराष्ट्रात आकड्यांनिशी सिद्ध झाले ते मुंबईपासून फार दूर, गडचिरोलीत. ते काम ‘सर्च’ या संस्थेचे.

1982 साली चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतलेल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये या जिल्ह्यात ‘सर्च’चे काम सुरू केले. जंगल दाट, रस्ते थोडे आणि डॉक्टर त्याहून थोडे. संशोधनाचे विषय लोकांच्या दुखण्यांतून घ्यायचे, असे संस्थेने सुरुवातीलाच ठरवले. डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतील 650 स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हा अभ्यास प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष गडचिरोलीकडे गेले.

पुढचा प्रश्न बालमृत्यूचा होता. न्यूमोनियाने मुले दगावत होती आणि दवाखाना गाठेपर्यंत उशीर होत होता. श्वासांची गती मोजता आली, तर हा आजार घरातच ओळखता येतो. पण गावातल्या अनेक सुईणींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नसे. तेव्हा मणी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ असलेले साधन तयार झाले : दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपली की मणी पाहायचे. अक्षरओळख नसलेल्या सुईणी न्यूमोनियाचे निदान करू लागल्या, औषधही देऊ लागल्या. 1990 मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा बालमृत्यू घटल्याचे स्पष्ट दिसत होते. संस्थेच्या कामातले हे सर्वांत सुंदर पान म्हणावे लागेल, कारण येथे साधन बाईच्या हाताला जुळवून घडवले गेले.

1993 च्या सुमारास धानोरा रस्त्यावर ‘सर्च’चा परिसर, शोधग्राम, उभा राहिला आणि आदिवासींना परके वाटू नये अशा बांधणीचा माँ दंतेश्वरी दवाखाना तेथे आला. तरीही एक गट दवाखान्यापर्यंत पोहोचतच नव्हता : नवजात बाळे. बाळंतपण घरी होई, बाळंतीण आणि बाळ अनेक दिवस घराबाहेर पडत नसत, आजारी बाळाला जंगलवाटेने नेणे आईबापांना धोक्याचे वाटे. 1995-96 मध्ये 39 गावांतील 763 नवजात बाळांची घरी जाऊन नोंद ठेवली गेली. निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज होती. प्रत्यक्षात वैद्यकीय मदत मिळाली ती फक्त 2.6 टक्के बाळांना.

बाळ दवाखान्यात येत नसेल, तर दवाखान्याने बाळाकडे जावे, एवढाच यावरचा उपाय होता. प्रत्येक गावातील थोडी शिकलेली एक स्त्री निवडून तिला आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण दिले गेले. बाळाचे वजन करणे, ताप पाहणे, अंग गार पडू नये म्हणून उबदार पिशवीत ठेवणे, न रडणाऱ्या बाळाला पिशवी आणि मुखवट्याने श्वास देणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, हे सारे ती शिकली. खेड्यातल्या बाईच्या हाती सुई द्यावी काय, अशी शंका वैद्यकीय वर्तुळात घेतली गेली, आणि ती गैरही नव्हती. तिला उत्तर नोंदींनी दिले. प्रयोगाच्या गावांत दर हजार जन्मांमागे नवजात मृत्यूंचे प्रमाण 1993-95 मध्ये 62 होते, ते 1997-98 पर्यंत 25.5 वर आले. तुलनेसाठी निवडलेल्या 47 गावांत अशी घट झाली नाही. डिसेंबर 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. या यशात बंग दांपत्याइतकाच वाटा रात्री-अपरात्री दार वाजले की उठणाऱ्या आरोग्यदूतांचा, सुईणींचा आणि घरात पाऊल टाकू देणाऱ्या सासवांचा आहे.

2001 मध्ये ‘कोवळी पानगळ’ या अहवालातून ‘सर्च’ने इतर संस्थांबरोबर राज्यातील नोंद न झालेले बालमृत्यू उजेडात आणले. पुढे राज्यातील अन्य ठिकाणीही आरोग्यदूतांचा हा प्रयोग करून पाहिला गेला. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी गृहभेटींची शिफारस केली. 2011 मध्ये भारत सरकारने हा कार्यक्रम देशभरातील ‘आशा’ स्वयंसेविकांकडे सोपवला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी 42 व्या दिवसापर्यंत सहा भेटी, घरी जन्मलेल्यासाठी सात. 2018 पासून पंधरा महिन्यांपर्यंतच्या आणखी पाच भेटी त्यात जोडल्या गेल्या. त्याच वर्षी बंग दांपत्याला पद्मश्री मिळाली.

मुंबईतही या विचाराची स्वतंत्र वाट आहे. शीव रुग्णालयात 1989 साली मातृदुग्धपेढी सुरू करणाऱ्या डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1999 मध्ये ‘स्नेहा’ संस्था स्थापन करून वस्त्यांतील माता-बालकांपर्यंत काम नेले. नंतर वांद्र्यात दुर्धर आजारांच्या रुग्णांसाठी त्यांनी उभी केलेली परिहार (पॅलिएटिव्ह) सेवाही घरी जाऊन दिली जाते. महापालिकेच्या आरोग्य स्वयंसेविका घाटकोपर-मुलुंडच्या टेकड्यांवरील वस्त्यांत घरोघर फिरतात, त्यांचे काम याच परंपरेतले आहे.

उपनगरांतील ज्येष्ठांची संख्या वाढते आहे, घरे लहान होत आहेत, नोकरीवर जाणारी माणसे दिवसभर बाहेर आहेत. घरी येणाऱ्या सेवेची मागणी येथे वाढतच जाणार. गृहनिर्माण संस्था, ज्येष्ठ नागरिक संघ आणि महापालिका यांनी या सेवेत उतरणाऱ्या प्रत्येक स्त्रीला रीतसर प्रशिक्षण, नोंदवही आणि कष्टाला साजेसे मानधन मिळेल, एवढे आधी पाहावे.