यॉर्क : एका नगरीची राखण

जुन्या नगरींविषयी लिहिताना ‘काळाने ही नगरी जपून ठेवली’ असे वाक्य लेखणीतून सहज उतरते. आमच्या मते या वाक्याने काळाला त्याने न केलेल्या कामाचे श्रेय मिळते. काळ झिजवितो, पाडतो, पुरतो. राखण करतात ती माणसे, आणि तीही प्रत्येक वेळी जाणूनबुजून करतात असे नाही. उत्तर इंग्लंडमधील यॉर्क ही नगरी या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. सुमारे साडेएकोणीसशे वर्षांचा तिचा इतिहास आहे. तेथे प्रेक्षणीय काय काय आहे याची यादी कोणत्याही प्रवासपुस्तकात सापडते. ते कोणामुळे उरले, आणि कशाची आठवण राखणे या नगरीने दीर्घकाळ टाळले, हे प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटतात.

ऊझ आणि फॉस या दोन नद्यांच्या संगमाजवळ इ. स. 71 मध्ये रोमनांच्या नवव्या लीजनने तळ ठोकला आणि त्या ठाण्याला एबोराकम हे नाव पडले. सेप्टिमियस सेव्हेरस हा सम्राट 211 मध्ये येथेच मरण पावला. 306 मध्ये कॉन्स्टॅन्टियसचेही येथेच निधन झाले, आणि त्याचा पुत्र कॉन्स्टन्टाइन याला सैन्याने याच ठिकाणी सम्राट म्हणून घोषित केले. ख्रिस्ती धर्माला राजाश्रय देणाऱ्या या सम्राटाच्या कारकिर्दीचा प्रारंभ असा साम्राज्याच्या एका दूरच्या टोकास झाला. त्या काळचा एक बहुकोनी बुरूज आज तेथील संग्रहालयाच्या बागेत उभा आहे. परंतु रोमन ठाण्याच्या मुख्य कचेरीचे अवशेष हाती आले ते मात्र एका संकटामुळे. मिन्स्टर या नावाने प्रसिद्ध असलेल्या तेथील महामंदिराचा पाया खचू लागला, म्हणून 1967 ते 1972 या काळात तो बळकट करण्यात आला. त्या खोदकामात हे अवशेष सापडले. आज मिन्स्टरच्या तळघरात उतरणारा प्रवासी एकाच जागी रोमन भिंत आणि विसाव्या शतकातील काँक्रीट पाहू शकतो.

रोमन गेल्यानंतर आलेल्या अँग्लियन लोकांच्या काळात यॉर्क हे विद्येचे ठाणे झाले. येथील शाळेचा प्रमुख आल्क्विन हा त्या काळचा युरोपातील अग्रगण्य शिक्षक होय. इ. स. 782 च्या सुमारास शार्लमेन राजाने त्याला आपल्या दरबारी नेले, आणि यॉर्कच्या शाळेची शिस्त व अभ्यासक्रम फ्रँक राज्यात पोहोचला. ज्या ग्रंथालयाच्या आधारावर ही शाळा उभी होती ते पुढे नष्ट झाले. तथापि आल्क्विनने यॉर्कवर रचलेल्या लॅटिन काव्यात तेथील ग्रंथकारांची नावे गुंफून ठेवली होती, आणि ती टिकली. ग्रंथ गेले, पण शिक्षकाने केलेली यादी उरली, ही गोष्ट आमच्यासारख्या शिक्षकी पेशातील माणसांनी ध्यानात ठेवावी अशी आहे.

866 मध्ये डेन लोकांनी नगरी जिंकली आणि तिचे नाव योर्विक झाले. त्यांची सत्ता फार काळ टिकली नाही. 954 मध्ये एरिक ब्लडॲक्स या राजाची हकालपट्टी झाली आणि यॉर्क इंग्लंडच्या राज्यात सामील झाले. पण राजे गेले तरी त्यांची भाषा रस्त्यांवर राहिली. यॉर्कच्या रस्त्यांच्या नावांत वारंवार येणारे ‘गेट’ हे पद दरवाजा या अर्थाचे नाही. रस्ता या अर्थाच्या जुन्या नॉर्स शब्दापासून ते आले आहे. तेथे दरवाजाला, म्हणजे आपल्या भाषेत वेशीला, ‘बार’ म्हणतात. मिकलगेट म्हणजे थोरला रस्ता, आणि कॉपरगेट म्हणजे तांब्याशी काही संबंध नसलेली, लाकडी प्याले करणाऱ्या कातारी लोकांची आळी.

या शेवटच्या नावाची साक्ष पुढे जमिनीनेच दिली. 1976 ते 1981 या पाच वर्षांत कॉपरगेट येथे उत्खनन झाले. तेथील माती ओली आणि हवाबंद असल्याने एरवी कुजून जाणाऱ्या वस्तू तीत शाबूत राहिल्या होत्या. घरांच्या लाकडी भिंती, कातडी जोडे, एक लोकरीचा पायमोजा आणि प्याले कातताना उरलेले लाकडाचे गड्डे तेथे सापडले. हजार वर्षे लोक ज्या नावाने हाक मारीत आले त्याचा अर्थ असा हातात आला. या जागी 1984 मध्ये योर्विक केंद्र उघडले आणि जुनी वस्ती प्रेक्षकांसमोर पुन्हा उभी करण्यात आली. आमच्या दृष्टीने येथील मोठा चमत्कार मात्र सापडलेल्या वस्तूंपेक्षा त्या नावाचा आहे. ज्यांना त्याचा मूळ अर्थ ठाऊक नव्हता अशा पिढ्यान् पिढ्यांच्या जिभांनी ते राखले.

नॉर्मनांनी नगरी घेताना 1069–70 च्या हिवाळ्यात आसपासचा मुलूख उद्ध्वस्त केला. त्यातून सावरलेल्या यॉर्कने 1220 मध्ये आजच्या मिन्स्टरचे बांधकाम आरंभिले, आणि ते 1472 मध्ये पूर्ण झाले. अडीचशे वर्षे म्हणजे दहा पिढ्या. ज्यांनी पाया घातला त्यांच्यापैकी कोणी कळस पाहिला नाही. या वास्तूचे खरे वैभव तिच्या रंगीत काचचित्रांत आहे. पूर्वेकडील महागवाक्ष कॉव्हेन्ट्रीच्या जॉन थॉर्नटन याने 1405 ते 1408 या तीन वर्षांत सिद्ध केला. बायबलमधील सृष्टीच्या उत्पत्तीपासून जगाच्या अंतापर्यंतच्या कथा त्यात आहेत.

काच ही नाजूक वस्तू. ती सहाशे वर्षे टिकली याचे श्रेय अनेकांकडे जाते. त्यांत एक शत्रुपक्षाचा सेनापती आहे. 1644 मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्या युद्धात मार्स्टन मूरच्या लढाईनंतर राजपक्षाच्या यॉर्कने शरणागती पत्करली. पार्लमेंटच्या सैन्यात धर्मचित्रांचा विध्वंस करणे पुण्यप्रद मानणारे पुष्कळ होते. परंतु सर टॉमस फेअरफॅक्स हा सेनापती यॉर्कशायरचाच रहिवासी होता, आणि त्याने मिन्स्टरच्या काचांना धक्का लागू दिला नाही. दुसऱ्या महायुद्धात काचा उतरवून सुरक्षित ठेवण्यात आल्या. एप्रिल 1942 मधील जर्मन हवाई हल्ल्यात पंधराव्या शतकातील गिल्डहॉल जळाला; तो 1960 मध्ये पुन्हा बांधून पुरा झाला. 1984 च्या जुलैत आग लागून मिन्स्टरच्या दक्षिण बाजूचे छप्पर कोसळले. तेथील गुलाबगवाक्षाला हजारो तडे गेले, पण तो पडला नाही. पूर्वेचा गवाक्ष 2008 मध्ये उतरवण्यात आला आणि दहा वर्षे खपून, एकेक तुकडा स्वच्छ करून पुन्हा बसविण्यात आला.

वाङ्मयाच्या अभ्यासकांस यॉर्कचे याहूनही मोठे देणे म्हणजे तेथील धर्मनाटके. त्यांचा उल्लेख 1376 पासून आढळतो. कॉर्पस क्रिस्टी या सणाच्या दिवशी चाकांच्या गाड्यांवर रंगमंच उभारून सृष्टीपासून अंतिम न्यायापर्यंतच्या कथा नगरीतून फिरत सादर होत. प्रत्येक नाटक एकेका धंद्याच्या संघाकडे असे, आणि वाटणीतही औचित्य होते. नोहाची नौका बांधण्याचा प्रसंग जहाजे बांधणाऱ्यांकडे, अंतिम भोजनाचा रोटीवाल्यांकडे, आणि येशूला क्रुसावर ठोकण्याचा प्रसंग टाचण्या व खिळे घडविणाऱ्यांकडे. रोजच्या कामाची हत्यारे घेऊन माणसे धर्मकथेत शिरत होती, आणि तेही लॅटिन सोडून घरच्या भाषेत. धर्मक्रांतीनंतर या प्रयोगांना विरोध वाढला आणि 1569 नंतर ते बंद पडले. उरले ते पालिकेने प्रयोगांच्या देखरेखीसाठी करवून घेतलेले हस्तलिखित. लूसी टूलमिन स्मिथ या विदुषीने ते 1885 मध्ये संपादून छापले, आणि 1951 मध्ये सेंट मेरी मठाच्या भग्नावशेषांत ही नाटके पुन्हा रंगली. कारकुनी गरजेपोटी केलेली नोंद वाङ्मयाचा ठेवा ठरली.

आता तटाकडे वळू. सुमारे सव्वातीन किलोमीटर लांबीचा मध्ययुगीन तट आणि त्याच्या चार मुख्य वेशी हे यॉर्कचे आजचे भूषण. त्यावरून फिरणाऱ्या प्रवाशास बहुधा ठाऊक नसते की या तटाचा सर्वांत मोठा शत्रू नगरपालिकाच होती. 1800 च्या सुमारास तिने दुरुस्तीचा खर्च व रहदारीची अडचण पुढे करून तो पाडण्याचा घाट घातला. विरोध झाला म्हणून तट वाचला, पण वेशींपुढील संरक्षक बांधकामे एकामागून एक पाडण्यात आली. आज ते फक्त वॉल्मगेट बार येथे शिल्लक आहे. ज्यांनी तटासाठी आवाज उठविला त्यांत यॉर्कमध्येच जन्मलेला चित्रकार विल्यम एटी हा प्रमुख होता. पुढे आगगाडी आली तेव्हा ती आत नेण्यासाठी तटाला कमानी पाडाव्या लागल्या. 1877 मध्ये नवे स्थानक तटाबाहेर बांधले गेले. 1975 मध्ये उघडलेले राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आज त्याच यॉर्कमध्ये आहे. पालिकेचा युक्तिवाद व्यवहाराच्या दृष्टीने खोटा नव्हता हे लक्षात घेतले, तर एटीसारख्यांच्या आग्रहाचे मोल अधिक पटते.

येथपर्यंतची कथा अभिमानाची आहे. परंतु नगरीच्या मध्यभागी एका टेकाडावर क्लिफर्ड्स टॉवर नावाचा बुरूज आहे, आणि त्या जागेची कथा वेगळी आहे. मार्च 1190 मध्ये धर्मयुद्धाच्या उन्मादात यॉर्कच्या यहुद्यांवर जमाव तुटून पडला. त्यांनी तेथील लाकडी बुरुजाचा आश्रय घेतला आणि त्यांना वेढा पडला. सुटकेची आशा संपली तेव्हा बहुतेकांनी स्वहस्ते मरण पत्करले. अभयाच्या वचनावर जे बाहेर आले त्यांची कत्तल झाली. सुमारे दीडशे माणसे मेली. जमावाच्या म्होरक्यांत यहुद्यांचे कर्जदार सरदार होते, आणि कत्तलीनंतर त्यांनी मिन्स्टरमध्ये ठेवलेली कर्जखते काढून तेथेच जाळली. धर्माच्या नावाखाली हिशेब कसा चुकता झाला हे सांगण्यास यापेक्षा स्पष्ट पुरावा नको. आजचा दगडी बुरूज पुढच्या शतकातला आहे. या घटनेची स्मृतिशिला तेथे बसली ती 1978 मध्ये, म्हणजे 788 वर्षांनी. ज्या नगरीने रस्त्यांची नावे हजार वर्षे विसरू दिली नाहीत, तिला आपला अपराध दगडावर कोरण्यास इतका काळ लागला.

तथापि याच नगरीतील एका नागरिकाने आपल्या गावचे उणे स्वतः मोजून जगापुढे मांडले, हेही सांगितले पाहिजे. चॉकोलेटच्या धंद्यात नावाजलेल्या राउंट्री घराण्यातील सीबोम राउंट्री याने 1899 मध्ये यॉर्कच्या श्रमिक कुटुंबांची घरोघर पाहणी करविली. 1901 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात नगरीची सुमारे 28 टक्के लोकसंख्या दारिद्र्यात असल्याचे दिसून आले. दारिद्र्य हा लंडनपुरता रोग आहे, ही समजूत त्याने खोडून काढली. मिन्स्टरच्या छायेत किती घरी पुरेसे अन्न नव्हते, याची ही नोंद आम्ही नगरीच्या वारशातच गणतो.

सारांश, यॉर्कची राखण एका हाताने झाली नाही. ओल्या मातीने, अजाण जिभांनी, कारकुनाच्या वहीने, शत्रूच्या सेनापतीने आणि हट्टी चित्रकाराने ती केली. इतिहास शिकविताना आपण विद्यार्थ्यांपुढे बहुधा तट, मंदिरे आणि राजे ठेवतो. त्यांच्याबरोबर जळलेल्या कर्जखतांचा आणि मोजलेल्या उपाशी घरांचा धडाही ठेवावा, असे आम्हांस वाटते. आपल्या अपराधाची आठवण जी नगरी राखते, तिच्या अभिमानावरही मग विश्वास ठेवता येतो.