शुक्रवारची सिरियल, शनिवारचा बाजार

खिशात पाचशेच्या नोटा असतील तर काढून ठेवा. जिथं निघालात तिथं पाचशेची नोट अजून निघालेलीच नाही. तिला १९८७ उजाडायचं आहे. मोबाइलही घरीच राहू द्या. सुट्टे पैसे, खांद्यावर टॉवेल आणि अंगात स्वेटर, एवढ्यावर भागेल. १९८५ चा फेब्रुवारी आहे, शुक्रवार आहे, आणि दौंडहून मनमाडच्या दिशेनं निघालेल्या पॅसेंजरच्या दाराशी तुम्ही उभे आहात.

भीमेचा पूल आला की पुणे जिल्हा संपतो. पलीकडे श्रीगोंदा तालुका, नगर जिल्हा. अहिल्यानगर म्हणायला जाऊ नका, कुणाला कळणार नाही. काष्टीला उतरा आणि गावाकडे चालू लागा. वाटेत माणसांपेक्षा बैल जास्त भेटतील. उद्या शनिवार, म्हणजे काष्टीचा जनावरांचा बाजार. लांबची माणसं आदल्या दिवशीच जनावरं हाकत येतात, मोकळ्या रानात दावण मांडतात, वैरण टाकतात आणि जनावरांच्या पायाशी घोंगडी पसरतात. मधूनच कारखान्याकडे निघालेली उसाची गाडी कुरकुरत जाते. भिंती विधानसभेच्या प्रचारानं रंगल्यात. मतदान पुढच्या महिन्यात. पानाच्या ठेल्यावर ट्रान्झिस्टर आहे आणि गप्पा अझरुद्दीन नावाच्या नव्या पोराच्या. पहिल्यावहिल्या मालिकेत शतकांवर शतकं ठोकतोय.

आता वर बघा. कौलांच्या वर लोखंडी पाइप, त्याला तारा ताणून बांधलेल्या आणि टोकाला अँटेना. तिचं तोंड नगरकडे नाही. कोर्ट, कलेक्टर, खजिना, सगळं नगरला; पण टीव्हीचं चित्र येतं सिंहगडावरून. १९७३ पासून तिथलं केंद्र मुंबई दूरदर्शनचे कार्यक्रम पुढे फेकतंय आणि काष्टी त्याच्या पार कडेला, सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटरवर. म्हणून पाइप एवढा उंच, म्हणून बूस्टर. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या.

हिंदी बातम्या संपत आल्यात. पडवीत शिरा. चपला बाहेर काढताना जरा लक्षात ठेवा कुठं काढल्या ते. नऊनंतर त्या ढिगात आपला जोड सापडणं कठीण. घर एका खाऊनपिऊन सुखी माणसाचं आहे, सगळे त्यांना आण्णा म्हणतात. लाकडी शटरचा कृष्णधवल टीव्ही कोनाड्यात, खाली स्टॅबिलायझर, वर क्रोशाचं झाकण. पोरं पुढं जमिनीवर, बाप्ये भिंतीला टेकून, बाया माजघराच्या उंबऱ्यावर. तुम्हाला कुणी विचारणार नाही तुम्ही कोण. शुक्रवारी रात्री या पडवीत अनोळखी माणूस असतोच, बाजाराला आलेला.

किशोरकुमारचा आवाज सुरू होतो आणि पोरं गप्प होतात. ‘ये जो है जिंदगी’.

नावं पडद्यावर सरकतात. एक निवृत्त गुरुजी ती मोठ्यानं वाचून दाखवतात, तो त्यांचा मान आहे. दिग्दर्शकांत कुंदन शाह, आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा विद्यार्थी. मग लेखक: शरद जोशी. इथं मागून हमखास आवाज येतो.

“आपले शरद जोशी सिरियल बी लिहित्यात व्हय?”

हसू नका, प्रश्न रास्त आहे. कांद्याच्या भावासाठी रस्त्यावर उतरायला शिकवणारे शेतकरी संघटनेचे शरद जोशी या पडवीतल्या निम्म्या माणसांना ठाऊक आहेत. हिंदीतले विनोदी लेखक शरद जोशी, उज्जैनचे, हे कुणाला ठाऊक असायचं कारणच नाही. गुरुजी दर शुक्रवारी खुलासा करतात, पुढच्या शुक्रवारी कुणीतरी पुन्हा विचारतं. माझा संशय आहे की आता ते मुद्दाम विचारतात.

आजच्या भागात काय घडतं ते मी सांगत नाही, समोर बसलाच आहात. मंडळी तीच. रणजित वर्मा म्हणजे शफी इनामदार, त्याची बायको रेणू म्हणजे स्वरूप संपत, आणि त्यांच्या घरात मुक्काम ठोकून बसलेला तिचा भाऊ राजा, राकेश बेदी. नोकरी नाही, धंदा नाही, पण खुशीत. मुंबई-दिल्लीच्या लोकांना यातली नवराबायकोची चकमक आवडते म्हणतात. काष्टीची गंमत वेगळी. घरजावई इथं सगळ्यांना माहीत आहे, पण घरमेव्हणा? बहिणीच्या घरी राहायचं, तिच्या नवऱ्याचं खायचं आणि वर त्यालाच शहाणपण शिकवायचं! राजा पडद्यावर आला की पडवीतल्या चार बाप्यांच्या माना एकाच दिशेला वळतात. तिकडे कोपऱ्यात आण्णांचा मेव्हणा बसलेला असतो. तो बिचारा बारामतीकडून दोन दिवसांसाठी आला होता. दिवाळी होऊन गेली, संक्रांत होऊन गेली.

उंबऱ्यावरून मात्र दुसराच सूर. “नवऱ्याला तोंडावर बोलतीया, आन् त्यो ऐकून घेतोय बग.” म्हातारीच्या या वाक्यात तक्रार किती आणि कौतुक किती हे नीट कळत नाही. सुनेला कळलं असावं, कारण ती पदराआड हसते.

मग तो क्षण येतो ज्यासाठी पोरं पुढं बसलीत. दारावर टकटक होते, कुणीतरी आत येतं आणि पोरांमधला एक ओरडतो, “ह्योच त्यो!” पैज आहे. सतीश शहा दर आठवड्याला नवा माणूस होऊन येतो. पन्नासहून अधिक भागांत पन्नासहून अधिक सोंगं. मिशी बदलेल, बोली बदलेल, चालण्याची ढब बदलेल. जो त्याला आधी ओळखेल त्या पोराला उद्या बाजारात भेळ. मोठी माणसं पैज लावत नाहीत, पण त्यांचेही डोळे बारीक झालेले असतात. बैलबाजाराच्या गावाला ही नजर शिकवावी लागत नाही. रंगवलेली शिंगं आणि तेल चोपडलेली कातडी यांच्या आतला बैल ओळखण्यातच यांचं आयुष्य गेलंय.

मधेच पडद्यावर पाटी येते: व्यत्यय. पडवीतून एक सामुदायिक उसासा. आण्णा टीव्हीला थाप मारतात, जणू दोष पेटीचा आहे. ह्या पाच मिनिटांत मागच्या भागांची उजळणी होते. एक जण बॉसची नक्कल करतो, टिकू तलसानियाची: डोळे वटारून, आवाज चढवत, “ये क्या हो रहा है?” दुसरा म्हणतो, तू नीट करत नाहीस, आणि स्वतः करून दाखवतो. मग तिसरा. आण्णांची थोरली मुलगी, नववीतली, उंबऱ्यावरूनच करते आणि सगळ्यांत चांगली करते. पडवी क्षणभर चाट पडते आणि मग हसत सुटते. गुरुजी म्हणतात, काही म्हणा, पण आपल्या चिमणरावाची सर नाही. प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ सत्तरच्या दशकाच्या शेवटी याच मुंबई दूरदर्शनवर झाले, चिं. वि. जोशींच्या गोष्टींवरून. तेव्हा गावात टीव्ही फारसे नव्हते. गुरुजींनी ते पुण्याला बहिणीकडे पाहिलेले, आणि हे ते वारंवार सांगतात.

तुम्हाला जे माहीत आहे ते बोलू नका. दापोलीकडचा हा शफी इनामदार, ‘ती फुलराणी’तल्या आपल्या भक्ती बर्वे यांचा नवरा, १३ मार्च १९९६ ला विश्वचषकाचा भारत-श्रीलंका उपांत्य सामना टीव्हीवर बघता बघता जाणार आहे. सतीश शहा २५ ऑक्टोबर २०२५ ला. या पडवीत ते दोघे आत्ता ऐन भरात आहेत. चित्र परत आलंय. बघा.

साडेनऊच्या सुमाराला इंग्रजी बातम्या लागतात आणि पडवी रिकामी होते. चपला शोधा. पण झोपायला जाऊ नका, दावणींकडे चला. कारण खरी गोष्ट आता सुरू होते.

काष्टीत या सिरियलची एक गंमत आहे जी मुंबईत नाही. ती शुक्रवारी रात्री लागते, आणि नेमकं त्याच वेळी करमाळा, कर्जत, शिरूरकडून आलेली शेकडो माणसं जनावरांजवळ अडकून पडलेली असतात. दावं सोडून टीव्ही बघायला कोण जाईल? बैल चोरीला गेला तर वर्षाचं गणित बुडालं. म्हणून तिघाचौघांतला एक जण जातो, बाकीचे राखणीला बसतात, आणि गेलेल्यानं परत येऊन सगळं सांगायचं असा ठराव असतो. तुम्ही पोचता तेव्हा शेकोटीभोवती तेच चाललंय. सांगणारा पडवीत तुमच्या शेजारीच बसला होता.

पण तो सांगतोय ते तुम्ही पाहिलेलं नाही. रणजितचा फ्लॅट त्याच्या सांगण्यात वाडा झालाय. बॉस म्हणजे कारखान्याचा चेअरमन. हिंदी त्याला अर्धीमुर्धीच कळली, मग उरलेली अर्धी त्यानं पदरची घातली. दुरुस्त करायला तुमची जीभ वळवळेल. नका करू. मी दोन्ही ऐकलंय, आणि माझं प्रामाणिक मत असं की मधला काही भाग त्यानं सुधारलाय.

शनिवारी सकाळी उन्हं वर आली की बाजार फुलतो. खिलार, गावरान, म्हशी, वासरं. घुंगरांचा, हेड्यांचा, चहावाल्यांचा कालवा. धूळ नाकातोंडात जाते. एका जोडीपाशी थांबा. हेडी बैलाचा जबडा उघडून दात दाखवतोय: चार दाती, सौदा करा. गिऱ्हाईक वाकून बघतं, बोट फिरवतं.

“चार दाती म्हनता, आन् ह्यो तर जुळलाय की वो!”

हेडी छातीवर हात ठेवून, सतीश शहाच्या सुरात: “थर्टी इयर्स का एक्सपीरियन्स है।”

“बैलाला, का तुमाला?”

आजूबाजूचे दहा जण फुटतात. गिऱ्हाईकही हसतं, आणि हसलेल्या गिऱ्हाइकाला मग उठून जाता येत नाही, हे हेड्याला पक्कं ठाऊक. तो उपरणं पुढं करतो. दोघांचे हात उपरण्याखाली जातात, बोटं दाबली जातात, सोडली जातात. भाव बाहेर कुणाला कळत नाही. तोंडं मात्र सिरियलचंच बोलतात: राजानं काल काय केलं, रेणू कशी फणकारली. खाली बोटांची लढाई आणि वर गप्पा. मला हे दृश्य त्या सिरियलमधल्या कुठल्याही प्रसंगाइतकंच आवडतं.

आता कान उघडे ठेवून बाजारभर फिरा. ते वाक्य सगळीकडे भेटेल, आणि दर ठिकाणी त्याचं काम निराळं. नाल मारणारा नालबंद ते फुशारकीनं म्हणतो. दोरखंड विकणारी बाई पोराला हिणवायला म्हणते. नवख्या दलालाला जुना दलाल नुसतं “थर्टी इयर्स” एवढंच म्हणून गप्प करतो, पुढचं बोलायची गरजही पडत नाही. पावतीच्या टेबलापाशी रांगेत दोन बैल शिंगाला शिंग लावतात, माणसं पांगतात, कागद उडतात, आणि पावती फाडणारा कारकून खुर्चीवर उभा राहून ओरडतो, “ये क्या हो रहा है?” त्याला त्या क्षणी नक्कल करायची नव्हती, खरंच विचारायचं होतं. पण रांग हसते. बैल सोडवायला मग चार माणसं जास्त पुढं येतात.

बाकी शेकडो वाक्यं त्या सिरियलीत बोलली गेली, काही याहून किती तरी चतुर. ती इथं कुणी उचलली नाहीत. काष्टीनं बाजारात चालतील तेवढीच दोन ठेवून घेतली, तीही घासाघीस करून.

भेळीच्या गाडीपाशी पैजेचा निकाल लावायचा चाललाय. दोन पोरं भांडतायत, आधी मी ओळखलं, आधी मी. साक्षीदार म्हणून त्यांनी तुम्हालाही ओढलंय, तर सावधपणे दोघांना अर्धी अर्धी भेळ ठरवून मोकळे व्हा. तेवढ्यात शेजारी गर्दी दिसेल. मधोमध करमाळ्याकडचा एक उंच, वाळका माणूस, हातात कासरा, आणि तो कालचा भाग सांगतोय. काय सांगतोय! रेणूचा फणकारा मानेच्या एका झटक्यात, बॉसचा संताप नुसत्या नाकपुड्यांत. सतीश शहा त्याच्या गोष्टीत हेडी होऊन रणजितच्या फ्लॅटमध्ये म्हैस विकायला आलाय. जिन्यावरून म्हैस चढवताना तो जो आवाज काढतो, त्यावर भेळवाल्याच्या हातातला कांदा खाली पडतो. असा भाग काल झाला नाही, कधीच झाला नाही, हे गर्दीत बहुधा तुम्हालाच माहीत आहे. कदाचित गुरुजींनाही, पण तेही डोळे पुसतायत.

कुणीतरी कौतुकानं विचारतं, “पाव्हनं, तुमच्याकडं कंचा टीव्ही हाय?”

“टीव्ही?” तो कासरा दुसऱ्या हातात घेतो. “आमच्या वस्तीवर अजून लाईटच न्हाय. तर मंग काय झालं, म्हस निम्म्या जिन्यात आली…”