कागदावरचे वंशज

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दुपारी घरची मुले फटाक्यांना कंटाळली, तेव्हा भाचीने एक खेळ काढला. पहिल्याने परग्रहावरचा एक प्राणी काढायचा. दुसऱ्याने त्यावर पातळ कागद ठेवून तो गिरवायचा. मात्र गिरवताना एक गोष्ट बदलायची. पाय एक जास्त, शेपूट आखूड, डोळा कपाळावर, काहीही. मग त्या कागदावरून आणखी दोघांनी गिरवायचे. चकल्यांचा डबा रिकामा होईपर्यंत एकवीस प्राणी जन्मले. भाचीने ते पत्त्यांसारखे पिसले आणि माझ्यापुढे टाकले. "मामा, तुम्ही इतिहासवाले ना? मग कोण कोणाचा आजोबा, ते सांगा!"

मी चष्मा पुसला. बिनशिंगी प्राणी मूळपुरुष म्हणून वर ठेवला, शिंगवाले खाली लावले. मुले खो खो हसू लागली. तो बिनशिंगी सर्वांत धाकटा होता. पुतण्याने शिंग गिरवायचेच सोडून दिले होते!

असल्या खेळांचाही इतिहास आहे. १९२५ च्या सुमारास पॅरिसमध्ये आंद्रे ब्रतों, इव्ह तांगी, झाक प्रेव्हेर ही अतिवास्तववादी मंडळी एकत्र जमून चित्रे काढीत. एकाने डोके काढून कागदाची घडी घालायची, दुसऱ्याने ते न पाहता धड काढायचे, तिसऱ्याने पाय. घडी उलगडली की जो विचित्र जीव दिसे, त्याला ना आई ना बाप. मौज तेवढीच.

मुलांच्या खेळाचे खरे नाते आहे ते अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाशी. तेथे कीटकशास्त्र विभागात जोसेफ कॅमिन नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी एका आद्य प्राण्यापासून आरंभ करून, कागदावर कागद ठेवून गिरवीत, थोडे थोडे बदलत काल्पनिक प्राण्यांचा गोतावळाच उभा केला. २९ प्राणी 'हयात' आणि ४८ 'जीवाश्म', असे एकूण ७७. खरी वंशावळ ठाऊक होती ती एकट्या कॅमिन यांना. इतरांनी चित्रे पाहून ती जुळवायची. खऱ्या जीवसृष्टीत असा पडताळा कोठून मिळणार? तेथे उत्तरपत्रिका कोणाजवळच नसते.

पडताळ्यातून एक गोष्ट निघाली. ज्या मांडणीत कमीत कमी बदल मानावे लागत, तीच सत्याच्या सर्वांत जवळ असे. १९६५ मध्ये कॅमिन आणि रॉबर्ट सोकल यांनी या विचारावर उभारलेली पद्धत प्रसिद्ध केली. हे सोकल मूळचे व्हिएन्नाचे. नाझींच्या छळामुळे कुटुंबासह शांघायला गेलेले. त्या पद्धतीत एक गृहीत होते : एकदा आलेले लक्षण पुन्हा जात नाही. हिशेबाला ते सोयीचे. पण निसर्ग ते पाळत नाही. सापाचे पाय गेले, गुहेतल्या माशांचे डोळे गेले. आमच्या पुतण्याचे शिंगही गेले.

हीच विद्या आपल्या पुण्यातही, निराळ्या कारणाने, चालू होती. १९२५ मध्येच विष्णु सीताराम सुकथनकर यांनी भांडारकर संस्थेतील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. देशभरातून आलेल्या पोथ्यांची कुळे त्यांना लावायची होती. एकच मागाहून घातलेला भाग दोन पोथ्यांत सापडला, तर त्यांचे नाते जवळचे असावे, असा तर्क. १९६६ मध्ये ते काम पुरे झाले; सुकथनकर मात्र १९४३ मध्येच गेले होते. महाभारतात लेखकूंनी गाळले थोडे, घातले फार. म्हणून त्रोटक पाठ तेथे बहुधा जुना ठरतो.

हा नियम मी डोळे मिटून घरी आणला, आणि चूक केली ती तेथे. काही वर्षांपूर्वी आमचा कुलवृत्तान्त मी संपादिला. एका पूर्वजाचे मुलगे एका वंशावळीत तीन, दुसरीत दोन. मी म्हटले, त्रोटक ती जुनी. तिसरे नाव मागाहून घुसडलेले. त्या तिसऱ्याचे वंशज म्हणवणारे एक वृद्ध गृहस्थ रत्नागिरीकडून आपली प्रत फडक्यात बांधून आले होते. "आपले नाते सिद्ध होत नाही," असे मी त्यांना सांगितले. त्यांनी प्रत पुन्हा बांधली, चहा न घेता निघून गेले.

भाऊबीजेच्या रात्री मी दोन्ही वंशावळी पुन्हा काढल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या मुलाची नावे एकाच अक्षरांनी सुरू होतात. उतरवणाऱ्याची नजर एका नावावरून दुसऱ्यावर घसरली, तर मधले एक घराणेच्या घराणे नाहीसे होते. महाभारतात भर पडते. घरच्या वंशावळीत गळ पडते. हे मला सत्तरीत कळावे, तेही एका परग्रहावरच्या प्राण्याकडून!

नाते निर्विवाद सिद्ध झाले, असे मी अजूनही म्हणणार नाही. पण नाही म्हणण्याचा अधिकार मला नव्हता. तसे पत्र त्या गृहस्थांना धाडले आहे, सोबत या दिवाळीचे आमंत्रणही. उत्तर अद्याप आलेले नाही. रोज पोस्टमनच्या वेळी मी ओसरीवर येऊन बसतो.