ग्लायडरांची हाताळणी
ग्लायडरांची हाताळणी : इंजिनविरहित विमानाची योग्यता सामान्यतः त्याच्या विसर्पण गुणोत्तरावरून, म्हणजे एक मीटर उंची गमावताना ते किती मीटर पुढे जाते यावरून ठरविली जाते. ही संख्या कोष्टकात मांडता येते. दांडा हलविल्यावर विमान किती तत्परतेने कलते, हातापायांना लागणारे बळ प्रमाणबद्ध आहे की नाही, वेग फार कमी झाला तर ते अगोदर सूचना देते की एकाएकी गिरकी घेते, हे गुण मात्र कोष्टकात येत नाहीत. वैमानिकांची आवड पुष्कळदा याच गुणांवर ठरते. ग्लायडरच्या विकासाच्या इतिहासात या दोन कसोट्यांचा झगडा आरंभापासून दिसतो.

जर्मन अभियंता ओटो लीलिएंटाल याने १८९१ पासून टेकड्यांवरून असंख्य उड्डाणे केली. त्याच्या ग्लायडरला नियंत्रक पृष्ठभाग जवळजवळ नव्हतेच. लोंबकळते शरीर पुढेमागे वा बाजूस झुकवून तो तोल सांभाळी. ऑगस्ट १८९६ मध्ये वाऱ्याच्या झोतात ग्लायडरचे नाक वर गेले, शरीराच्या हालचालीने ते सावरता आले नाही आणि त्या अपघातात त्याचा अंत झाला. राइट बंधूंनी यातून बोध घेऊन पंखांना पीळ देण्याची युक्ती योजली. तथापि १९०१ च्या ग्लायडरमध्ये त्यांना एक विपरीत अनुभव आला : ज्या बाजूस वळावयाचे, त्याच्या उलट बाजूस नाक फिरे. कारण वर जाणाऱ्या पंखावर उत्थापनाबरोबर हवेचा विरोधही वाढतो व तो पंख मागे खेचला जातो. १९०२ मध्ये त्यांनी शेपटाचे उभे सुकाणू हलते करून पंखांच्या पिळाशी जोडले, तेव्हा विमान प्रथमच खऱ्या अर्थाने वैमानिकाच्या ताब्यात आले.

हा दोष आधुनिक ग्लायडरांतही उरला आहे, आणि पंख जितके लांब तितका तो अधिक जाणवतो. लांब व अरुंद पंखांनी विसर्पण गुणोत्तर वाढते; पण असे पंख कलण्यास वेळ लावतात आणि पायाने सुकाणू भरपूर दाबावे लागते. उष्ण हवेचा चढता झोत अरुंद असतो. त्यात राहण्यासाठी ४०° च्या आसपास कलून लहान वर्तुळे घ्यावी लागतात, तीही अनेक तास. जड हाताळणीचे ग्लायडर कागदावर कितीही श्रेष्ठ असले, तरी झोताचा गाभा हातून निसटतो व वैमानिक थकतो.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतील वासरकुप्प टेकडीवर या खेळाची भरभराट झाली व पंखविस्ताराची चढाओढ लागली. रोबेर्ट क्रोनफेल्ट याच्या ‘ऑस्ट्रिया’ या १९३१ मधील ग्लायडरचा पंखविस्तार ३० मी. होता. १९३२ मध्ये ते ढगात मोडले आणि क्रोनफेल्ट हवाई छत्रीने खाली उतरला. त्याच काळात एडमुंड श्नायडर याचे ‘ग्रुनाऊ बेबी’ हे १३.५ मी. पंखविस्ताराचे साधे, सौम्य ग्लायडर हजारोंच्या संख्येने बांधले गेले, ही गोष्ट बोलकी आहे.

वैमानिकांची पसंती औपचारिकपणे अजमावण्याचा प्रसंग १९३९ मध्ये आला. १९४० च्या ऑलिंपिक सामन्यांत सर्व स्पर्धकांनी एकाच नमुन्याच्या ग्लायडरवर उड्डाण करावे असे ठरले होते. पंखविस्तार १५ मी. पेक्षा अधिक नसावा आणि बांधणी कोणत्याही देशातील कारखान्यास साधेल इतकी सोपी असावी, असा दंडक होता. इटलीतील सेत्झे येथे जर्मनी, पोलंड व इटली यांचे नमुने निरनिराळ्या देशांच्या वैमानिकांनी उडवून पाहिले आणि हान्स याकोप्स याच्या ‘माइझे’ या लाकडी ग्लायडरची निवड झाली. युद्धामुळे ते सामने भरलेच नाहीत. परंतु युद्धोत्तर काळात ब्रिटन व फ्रान्स येथे त्याच आराखड्यावरून ग्लायडरे बांधली गेली. परीक्षकांचा निर्णय चुकला नव्हता याचा याहून चांगला पुरावा नाही.

रूडोल्फ कायझर याच्या ‘का ६’ ने हीच परंपरा पुढे चालविली. लाकडी ग्लायडरांतील हे बहुधा सर्वांत लाडके होय. तथापि १९५७ मध्ये श्टुटगार्ट येथे ‘फोनिक्स’ या काचतंतूंच्या ग्लायडरने उड्डाण केले आणि लाकडाचे युग मावळू लागले. गुळगुळीत पृष्ठभागामुळे विसर्पण गुणोत्तर ४० च्या घरात गेले. वेगही वाढला व नवे प्रश्न उद्भवले. ‘स्टँडर्ड सिरस’ (१९६९) मध्ये शेपटाचा आडवा पृष्ठभाग संपूर्णपणे हलता होता. त्यामुळे दांड्यावर भार फारसा जाणवत नसे आणि नवख्याच्या हातून नाक खालीवर होत राही. त्याच कारखान्याच्या ‘डिस्कस’ (१९८४) मध्ये स्थिर पृष्ठभाग व त्यास बिजागरीने जोडलेली झडप ही जुनीच रचना स्वीकारण्यात आली. ‘एल्एस् ४’ (१९८०) हे तर वेग व सौम्यता यांच्या मेळासाठी नावाजलेले असून अनेक वैमानिक आजही त्याला प्रमाण मानतात.

शिक्षणासाठीच्या ग्लायडरांत अर्थातच सौम्यतेला अग्रक्रम असतो; पण तिचाही अतिरेक होऊ शकतो. ‘एएस्के २१’ (१९७९) हे दोन आसनी ग्लायडर गिरकीत जाण्यास इतके नाखूश असते, की गिरकीचे शिक्षण देण्यासाठी त्याच्या शेपटात मुद्दाम वजने बसवावी लागतात. भारतात नागरी विमान वाहतूक खात्याच्या तांत्रिक केंद्रात एस्. रामामृतम् यांच्या मार्गदर्शनाखाली ‘अश्विनी’ (१९५८) व ‘रोहिणी’ (१९६१) ही शिक्षणोपयोगी ग्लायडरे तयार झाली. रोहिणीत शिक्षक व शिष्य शेजारी बसत. शिष्याचे हातपाय शिक्षकास दिसत हा मोठाच लाभ. त्यासाठी रुंद सांगाड्याचा वाढीव विरोध पत्करावा लागला. महाराष्ट्रात पुण्याजवळील हडपसर हे या खेळाचे जुने केंद्र आहे.

केवळ सुखद हाताळणी मात्र पुरेशी नाही. १९९० नंतरच्या दशकात आंतरराष्ट्रीय विमानक्रीडा महासंघाने सेत्झेचाच प्रयोग पुन्हा केला आणि स्पर्धेतून ‘पीडब्ल्यू-५’ हे १३.४४ मी. पंखविस्ताराचे पोलिश ग्लायडर निवडले. ते हलके व वळविण्यास चपळ होते. परंतु त्याचे विसर्पण गुणोत्तर जेमतेम ३२ आणि तेवढ्या पैशांत जुने, पण अधिक दूर जाणारे काचतंतूंचे ग्लायडर मिळू शके. स्पर्धकांनी त्याकडे पाठ फिरविली. पुढे हा वर्ग जागतिक स्पर्धांतून वगळण्यात आला व त्याच्या जागी १३.५ मी. पंखविस्ताराचा वर्ग आला, ज्यात विसर्पण गुणोत्तर वाढविण्यास आराखडाकार पुन्हा मोकळे झाले.