क्लाइड ब्रुकमन्स फायनल रिपोज

'क्लाइड ब्रुकमन्स फायनल रिपोज' (अर्थ: क्लाइड ब्रुकमनची अखेरची विश्रांती) हा 'द एक्स-फाइल्स' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या तिसऱ्या पर्वातील चौथा भाग आहे. तो १३ ऑक्टोबर १९९५ रोजी फॉक्स वाहिनीवर प्रथम प्रसारित झाला. त्याचे लेखन डॅरिन मॉर्गन यांनी, तर दिग्दर्शन डेव्हिड नटर यांनी केले. ब्रुकमनची भूमिका पीटर बॉयल यांनी साकारली.

पार्श्वभूमी

क्रिस कार्टर यांनी निर्माण केलेल्या या मालिकेत एफबीआयचे दोन अधिकारी अनाकलनीय प्रकरणांचा तपास करतात. फॉक्स मल्डर (डेव्हिड डुकॉव्हनी) अतींद्रिय शक्तींवर विश्वास ठेवतो. डॅना स्कली (जिलियन अँडरसन) ही डॉक्टर असून प्रत्येक दाव्याला पुरावा मागते.

कथानक

मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल शहरात भविष्य सांगणाऱ्यांचे खून होत असतात. स्थानिक पोलीस यापी नावाच्या प्रसिद्ध भविष्यवेत्त्याला बोलावतात. मात्र त्याची भाकिते कोणालाही लागू पडावीत इतकी मोघम असतात. दरम्यान, एक मृतदेह क्लाइड ब्रुकमन या विमा विक्रेत्याला सापडतो. समोरच्या माणसाला मृत्यू कसा येणार, हे ब्रुकमनला दिसते, असे मल्डरच्या लक्षात येते.

१९५९ मधील विमान अपघातात बडी हॉली, रिची व्हॅलेन्स व बिग बॉपर हे गायक मरण पावले होते. बिग बॉपर नेमका त्याच विमानात का बसला, या विचाराचा ध्यास घेतल्याने ब्रुकमनला ही शक्ती प्राप्त झालेली असते. खुनी आपल्यालाही मारणार, हे त्याला ठाऊक असते. त्याला संरक्षणासाठी एका हॉटेलात ठेवले जाते. खुनी तेथेच सामान वाहणारा नोकर असतो. हॉटेलच्या स्वयंपाकघरात तो मल्डरवर हल्ला करतो, परंतु योगायोगाने तेथे पोहोचलेली स्कली त्याला गोळी घालते. शेवटी ब्रुकमन आत्महत्या करतो. स्कली त्याच्या पलंगावर बसून त्याचा हात हाती घेते; हे दृश्य त्याने तिला आधीच वर्णून सांगितलेले असते.

आशय

नियती आणि मानवी इच्छास्वातंत्र्य यांतील संघर्ष हा या भागाचा गाभा आहे. भवितव्य आधीच ठरलेले असेल, तर ते जाणून काय साधणार, असा ब्रुकमनचा प्रश्न आहे. यापी आपल्या कथित शक्तीवर प्रसिद्धी मिळवतो. ब्रुकमनला मात्र खऱ्या शक्तीतून केवळ एकाकीपण मिळते. लोकांना मृत्यूची आठवण करून देऊन विमा विकणे हाच व्यवसाय असलेल्या माणसाला ही दृष्टी लाभावी, हा कथेतील उपरोध आहे. खुन्याने पाहिलेल्या दृश्यात मल्डरचा गळा चिरला जातो, पण प्रत्यक्षात तसे घडत नाही. त्यामुळे भविष्य बदलता येते की नाही, या प्रश्नाचे निःसंदिग्ध उत्तर कथेत मिळत नाही.

नामकरण

नायकाचे नाव मूकपटांच्या काळातील विनोदी लेखक व दिग्दर्शक क्लाइड ब्रुकमन यांच्यावरून घेतले आहे. बस्टर कीटन यांच्यासह 'द जनरल' (१९२६) या चित्रपटाचे सहदिग्दर्शन त्यांनी केले होते. त्यांनी १९५५ मध्ये आत्महत्या केली.

पुरस्कार

या भागासाठी १९९६ मध्ये डॅरिन मॉर्गन यांना नाट्यमालिकेच्या लेखनाचा, तर पीटर बॉयल यांना नाट्यमालिकेतील पाहुण्या अभिनेत्याचा एमी पुरस्कार मिळाला.