स्वमग्नतेवरील वर्तनोपचार : स्वमग्न व्यक्तींचे आक्षेप

बक्षीस, सराव आणि हेतुपूर्वक केलेले दुर्लक्ष यांच्या आधारे स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांना ठरावीक वागणूक शिकवण्याची पद्धत म्हणजे वर्तनोपचार. त्याचा सर्वांत रूढ प्रकार उपयोजित वर्तन विश्लेषण हा असून थेरपी सेंटरांत आणि पालकांच्या बोलण्यात तो ‘एबीए’ या नावानेच ओळखला जातो. १९९० च्या दशकापासून प्रौढ स्वमग्न व्यक्ती या उपचारांवर जाहीरपणे आक्षेप घेत आल्या आहेत. त्यांतले काही आक्षेप शिक्षेवर आहेत, पण मुख्य आक्षेप उद्दिष्टावर आहे : मूल चारचौघांसारखे दिसू लागले म्हणजे ते सुधारले, हे ठरवले कोणी?

पद्धत : बी. एफ. स्किनर यांच्या वर्तनवादावर हे उपचार उभे आहेत. कौशल्याचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकडा वेगळा घोटवून घेतला जातो. मूल टेबलाशी बसते, समोरून ‘इकडे बघ’ अशी सूचना येते, नजरेला नजर मिळाली की खाऊचा तुकडा आणि ‘शाब्बास’. प्रत्येक प्रयत्नाची अधिक किंवा उणे अशी खूण तक्त्यात होते. ठरलेल्या टक्केवारीइतकी, बहुधा ८० टक्के, उत्तरे बरोबर आली की पुढची पायरी. नको असलेल्या वागणुकीच्या आधी काय घडले आणि नंतर मुलाला काय मिळाले याची नोंद ठेवतात; ती वागणूक टिकवून धरणारा लाभ थांबवला की ती विझते, असे गृहीत धरले जाते. रडणाऱ्या मुलाकडे ठरवून लक्ष न देणे हा त्याचाच एक प्रकार.

पूर्वेतिहास : लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ओले इव्हार लोवास यांनी १९६० च्या दशकात हे तंत्र स्वमग्न मुलांवर वापरले. बक्षिसांच्या जोडीला ओरडणे आणि चापट मारणे होते, काही प्रयोगांत विजेचे झटकेही. ‘लाइफ’ मासिकाने १९६५ मध्ये या कामावर सचित्र लेख छापला. लोवास यांचा १९८७ चा निबंध पुढे सर्वत्र आधारभूत ठरला : आठवड्याला ४० तास, दोन किंवा अधिक वर्षे उपचार घेतलेल्या १९ मुलांपैकी ९ मुले सर्वसामान्य शाळेत पहिली पास झाली आणि त्यांचा बुद्ध्यांक सर्वसामान्य पातळीवर आला, असा त्यात दावा होता. मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून केलेले नव्हते आणि मांडीवर चापट मारणे उपचारात धरलेले होते, या दोन गोष्टींवर टीकाकारांनी बोट ठेवले.

आक्षेपांचा उगम : १९९३ मध्ये जिम सिंक्लेअर या स्वमग्न कार्यकर्त्यांनी पालकांना उद्देशून सांगितले की, स्वमग्नता हे मुलावर चढलेले कवच नव्हे, ती वजा केली तर आत दुसरे ‘नॉर्मल’ मूल सापडत नाही. २००४ मध्ये कॅनडातील मिशेल डॉसन यांनी वर्तनतज्ज्ञांच्या नीतिमत्तेची चिकित्सा करणारा निबंध लिहिला. लोवास यांच्याच विद्यापीठात ‘बायकी’ वागणाऱ्या मुलग्यांना ‘सरळ’ करण्यासाठी हेच तंत्र वापरले गेले, तेव्हा नीतीचे प्रश्न उठले. स्वमग्न मुलांच्या बाबतीत ते का उठले नाहीत, हा त्यांचा सवाल होता. त्याच वर्षी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑटन खटल्यात निकाल दिला की, या उपचारांचा खर्च उचलण्याचे घटनात्मक बंधन ब्रिटिश कोलंबिया प्रांतावर नाही. या खटल्यात डॉसन स्वतः हस्तक्षेपक होत्या. अमेरिकेत २००६ पासून ऑटिस्टिक सेल्फ ॲडव्होकसी नेटवर्क ही स्वमग्न व्यक्तींनी चालवलेली संघटना आक्षेपकांची भूमिका मांडत आहे.

आक्षेपांचे स्वरूप : (१) हात फडफडवणे, डुलणे, गुणगुणणे या हालचालींनी (स्टिमिंग) स्वमग्न व्यक्ती स्वतःला सावरते, त्या थांबवणे म्हणजे तिचा आधार काढून घेणे. (२) नजर भिडवण्याची सक्ती अनेकांना त्रासदायक होते आणि ऐकण्याकडचे लक्ष उलट कमी करते. (३) सांगितले की लगेच करायचे, ही सवय लागलेल्या मुलाला ‘नको’ म्हणता येत नाही. त्यामुळे ते शोषणाला सहज बळी पडू शकते. (४) स्वतःला सतत झाकून वावरण्याचा (मास्किंग) संबंध प्रौढपणीच्या थकव्याशी, नैराश्याशी आणि आत्महत्येच्या विचारांशी संशोधकांना आढळला आहे. (५) आठवड्याचे ४० तास म्हणजे मोठ्या माणसाच्या नोकरीइतका वेळ. त्यात खेळायला, रमायला जागा उरत नाही.

एक उदाहरण : इंदूरच्या राजवाड्यासमोर रंगपंचमीला निघणारी गेर (रंग उधळणारी मिरवणूक) डोळ्यांपुढे आणली म्हणजे हा वाद नेमका समजतो. राजवाड्यापुढच्या चौकात ढोल, डीजे, टँकरांतून उडणारे रंगीत पाणी, वर फेकला जाणारा गुलाल आणि खांद्याला खांदा लावून उभी गर्दी. तिथे एक स्वमग्न मूल कानांवर हात दाबून, मोठ्याने गुणगुणत, जागच्या जागी डुलत आहे. वर्तनोपचाराच्या चौकटीत ‘हात खाली’ हे उद्दिष्ट होऊ शकते : आधी थोडा आवाज, मग जास्त, आणि हात खाली राहिले की बक्षीस. तक्त्यातल्या अधिकच्या खुणा वाढत जातात. आवाज मात्र मुलाला आधीइतकाच टोचत असतो, आणि ते सांगण्याची त्याची एकमेव खूण गेलेली असते. आक्षेप घेणाऱ्यांच्या मते कानांवरचे हात हेच मुलाचे बोलणे आहे. त्याला उत्तर म्हणजे आवाज रोखणारे हेडफोन, गर्दीतून निघण्याची खूण शिकवणे, लांबच्या गॅलरीतून गेर दाखवणे किंवा त्या दिवशी घरीच थांबणे.

पुरावा : २०२० मध्ये सायकॉलॉजिकल बुलेटिनमध्ये लहान स्वमग्न मुलांवरील उपचारांचा व्यापक आढावा प्रसिद्ध झाला. निर्दोष पद्धतीने केलेल्या चाचण्याच जमेस धरल्या, तर वर्तनोपचारांच्या बाजूचा पुरावा तोकडा पडतो, असे त्यात दिसले. उपचारांचे अपाय नोंदवण्याची तसदी बहुतेक अभ्यासांनी घेतलीच नव्हती, हे त्याच संशोधकांनी पुढच्या वर्षी दाखवून दिले. उपचार घेतलेल्यांत मानसिक आघाताची लक्षणे जास्त आढळतात, हा २०१८ मधील एका पाहणीचा निष्कर्ष आक्षेपक वारंवार देतात. तथापि त्या पाहणीच्या पद्धतीवरही गंभीर टीका झाली आहे.

प्रतिवाद : आजचा वर्तनोपचार खेळातून शिकवतो, शिक्षा देत नाही आणि १९६५ च्या चित्रांवरून त्याला जोखू नये, असे व्यावसायिक म्हणतात. डोके भिंतीवर आपटणारे किंवा रस्त्यावर धावत सुटणारे मूल सांभाळणाऱ्या पालकांना तातडीची मदत हवी असते. लिहू-बोलू शकणारे प्रौढ आमच्या मुलांच्या वतीने कसे बोलणार, असे हे पालक विचारतात. त्यावर आक्षेपकांचे म्हणणे असे की, स्वतःला इजा करण्यामागे अनेकदा दातदुखी, बद्धकोष्ठता किंवा सांगता न येणारी भीती असते. आधी कारण शोधावे. शिक्षेचा इतिहासही पुरता संपलेला नाही. मॅसॅच्युसेट्समधील जज रोटेनबर्ग सेंटरमध्ये विजेचे झटके देणारे यंत्र वापरात राहिले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये घातलेली बंदी २०२१ मध्ये न्यायालयाने रद्द केली. वर्तन विश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने अशा झटक्यांना विरोध जाहीर केला तो २०२२ मध्ये.

भारतातील स्थिती : भारतात स्वमग्नतेविषयीचे काम प्रामुख्याने पालकांनी उभे केले. दिल्लीची ॲक्शन फॉर ऑटिझम (१९९१) आणि मुंबईची फोरम फॉर ऑटिझम ही त्याची उदाहरणे. स्वमग्न प्रौढांचा आवाज उशिरा आला, त्यामुळे वाद बराच काळ ‘कोणती थेरपी, किती तास, फी किती’ एवढ्यावरच राहिला. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने तिला २१ दिव्यांगत्वांत स्थान दिले. या कायद्याचे कलम ६ छळ आणि अमानुष वागणुकीपासून संरक्षण देते. इंदूरसारख्या शहरातल्या मराठी घरांत आणखी एक पेच असतो : घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि सेंटरमध्ये इंग्रजी सूचना. एकच भाषा ठेवा, असा सल्ला अनेक पालकांना मिळतो आणि बहुधा आजीची भाषा गळते.

संज्ञेविषयी : ‘स्वमग्नता’ हा शब्दही बाहेरून पाहणाऱ्याचा आहे, आपल्यातच बुडालेले मूल, एवढेच तो सांगतो. आक्षेपकांचा रोख नेमका या पाहण्यावर आहे. मूल किती वेळा नजर भिडवते हे तक्त्यात भरता येते. त्याने किती वेळा ‘नको’ म्हटले आणि ते कितीदा मानले गेले, यासाठी त्या तक्त्यात रकाना नसतो.